पान सतरावरचं जनावर

माझ्याविरुद्धचा सगळा पुरावा माझ्याच अक्षरात होता, आणि अक्षर चांगलं असल्यामुळे तो कार्यकारिणीतल्या सगळ्यांना वाचता आला.

रनाळ्याच्या आमच्या वाचनालयाची देवघेव नोंदवही टेबलावर उघडी पडली होती. कॉमिक्सच्या कपाटात दोनशे बारा कॉमिक्स आणि वर्षभरात कॉमिक्सच्या नोंदीही बरोबर दोनशे बारा. आकडा ऐकून अध्यक्ष सुगनचंदशेठ आधी खूश झाले. मग त्यांनी चष्मा लावला. दोनशे बाराही ओळींत वाचकाची सही एकच होती, आणि ती माझी होती. मीच ग्रंथपाल. देणारा मी, घेणारा मी, आणि एकदा पुस्तक परत करायला दोन दिवस उशीर झाला तेव्हा स्वतःला लेखी समज देणाराही मीच. ती समज फाईलला लावलेली आहे. नियम म्हणजे नियम.

"गुरुजी," शेठ म्हणाले, "हाई कपाट वाचनालयनं शे का तुमनं?"

प्रश्न लागट होता, कारण त्यात तथ्य होतं. प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं मी पोरांच्या दप्तरांतून कॉमिक्स जप्त केली. जप्त केलेली वस्तू तपासल्याशिवाय परत करू नये म्हणून ती वाचली, आणि काही काही इतकी चांगली निघाली की परत करणं राहूनच गेलं. निवृत्तीनंतर वाचनालयात आलो तेव्हा हा सगळा ऐवज मी बालविभागाला अर्पण केला. अर्पणपत्रिकेत 'विद्यार्थ्यांच्या सहकार्याने' असे शब्द आहेत.

ठराव क्रमांक सात झाला. पंधरा दिवसांनी जिल्ह्याहून तपासणी होती. तोपर्यंत कॉमिक्सला ग्रंथपाल सोडून दुसरे वाचक दिसले नाहीत, तर कपाट रिकामं करून तिथे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करायची आणि कॉमिक्स रद्दीत द्यायची. ठराव मलाच लिहून घ्यायला सांगितला. 'रद्दी' हा शब्द मी मुद्दाम लहान अक्षरात लिहिला. त्याने काही फरक पडला नाही.

शेठ मनाने वाईट नाहीत. मिरचीच्या धंद्यात जन्म गेल्यामुळे ते माणसाला आधी ठसका देतात आणि मग पाणी विचारतात. सभा उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"गावमा मानूस कर्ण्याना आवाजवर येस, गुरुजी. पारायण लावा. रोज सकाळी दोन तास. लोके ऐकतीन, ऐकीसन येतीन."

"कॉमिक्सचं पारायण?"

"मंग काय झायं? पुस्तकच शे ना?"

गेली पाच वर्षं मी हेच सांगत होतो, पण आज ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मला जरा धास्ती वाटली. घरी आल्यावर मोहिनीला, म्हणजे आमच्या मंडळींना, बेत सांगितला.

"अहो, पण चित्रं माइकवरून दाखवणार कशी?"

"वर्णन करीन."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला. मी कुठली साडी नेसले आहे ते तुम्हाला डोळे मिटून कधी सांगता आलं नाही."

मी डोळे मिटले. उत्तर चुकलं. तरीही मी दुसऱ्या दिवशी कर्ण्याच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गेलो.

अर्जात कार्यक्रमाचे चार प्रकार छापलेले होते: धार्मिक, राजकीय, विवाह आणि इतर. मी 'इतर'पुढे 'चित्रकथावाचन' लिहिलं. हवालदारसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वाचणार तो मजकूर दोन प्रतींत सादर करा."

आता, कॉमिक्समधला नुसता मजकूर कागदावर उतरवून पाहिलाय कधी कुणी? मी रात्रभर नाही, पण सबंध दुपार बसून 'कॅप्टन घोरपड आणि काळा किल्ला' उतरवून काढलं. पहिल्या पानावर एवढंच आलं: धडाम. खाड्. कोण आहे तिकडे? आऽऽऽ.

हवालदारसाहेब लाल पेन घेऊन बसले.

"हे 'आऽऽऽ' कोण म्हणतं?"

"तटावरून पडणारा पहारेकरी."

"पडतो का पाडला जातो?"

"पाडला जातो."

त्यांनी तिथे खूण केली. "आणि हे, 'गावाला आग लावा, एकही घर शिल्लक ठेवू नका'?"

"ते खलनायक म्हणतो."

"स्थानिक आहे का?"

मी म्हणालो, काळा किल्ला काल्पनिक आहे. तसं लेखी घेतलं गेलं. शेवटी परवानगी मिळाली, ती एका अटीवर. अट पत्रावर शिक्क्यासकट आहे आणि मी ती चौकट करून लावणार आहे: 'खलनायकाचे संवाद कमी आवाजात वाचण्यात यावेत.'

कर्णा हेमराजचा. लग्न, सभा, उद्घाटन, जे असेल त्याला हेमराजचाच कर्णा लागतो. त्याने वाचनालयाच्या गच्चीवर तो बांधला, तारा जोडल्या आणि विचारलं, "गुरुजी, मन्हाकडे तीन आवाज शेतस. लगीन, भजन आनि प्रचार. कोनता लावू?"

"नुसता माणसाचा आवाज नाही का?"

"तो कोनी मांगतच नही."

शेवटी प्रचार लागला. त्यात प्रत्येक शब्दाचं शेपूट तीनदा ऐकू येतं.

आमचं वाचनालय वरच्या मजल्यावर आहे आणि खाली शेठचं मिरचीचं आवार. हिवाळ्यात तिथे लाल मिरचीचे ढीग पडतात आणि सातपुड्यातून हंगामापुरत्या उतरलेल्या वीस-बावीस बायका देठ खुडत बसतात. अक्कलकुव्याच्याही पलीकडून, डोंगरातून आलेल्या. त्यांच्यात सगळ्यांत वडील फुलवंताबाई. ती बोलली की बाकीच्या ऐकतात, आणि ती गप्प बसली तर आणखी लक्ष देऊन ऐकतात. हाच माझा श्रोतृवर्ग. त्यांना उठून जाता येत नव्हतं, ही माझ्या कार्यक्रमाची सर्वांत भक्कम बाजू.

पहिल्या दिवशी मी प्रास्ताविक केलं. ते चांगलं झालं होतं, म्हणूनच पुढे माझ्या अंगाशी आलं. मी म्हणालो, "मित्रहो, कॉमिक्समध्ये चित्र हा राजा आहे आणि शब्द हा शिपाई. शब्द चुकेल, पण चित्र चुकत नाही. ज्याला अक्षर येत नाही तोही कॉमिक्सचा पूर्ण वाचक आहे." कर्ण्याने 'आहे-हे-हे' करून ते सगळ्या रनाळ्याला ऐकवलं.

मग वाचन. "चौकट पहिली. किल्ल्याची भिंत. चौकट दुसरी. तीच भिंत, जरा जवळून. चौकट तिसरी. साधूच्या वेशातला कॅप्टन घोरपड भिंतीला चिकटला आहे." शाळा तपासणीचा अहवाल यापेक्षा रंगतदार असतो. खाली देठ खुडण्याचा आवाज तेवढा येत होता. आत वर्तमानपत्र वाचणारे उमाकांतअप्पा, म्हणजे आमचे निवृत्त तलाठी आणि वाचनालयाचे एकमेव रोजचे वाचक, खुर्ची ओढत लांबच्या कोपऱ्यात गेले आणि मला दिसेल असं कानात कापूस घालून बसले.

एवढ्यात खालून मिरचीची खकाण, म्हणजे नाकात शिरणारी तिखट धूळ, वर आली. "पहारेकरी खालून जात आहे. कॅप्टन घोरपड श्वास रोखतो आणि..." इथे मला शिंक आली. प्रचाराच्या आवाजात ती तीनदा आली.

खाली देठ खुडणं थांबलं. एक बाई हलकेच म्हणाली, "मंग, पडना का तो?"

आमच्या कॉमिक्स विभागाच्या इतिहासातली वाचकाची ही पहिली प्रतिक्रिया. शिंक घोरपडची नसून माझी आहे, हे सांगायचा माझा धीर झाला नाही. पुढच्या चौकटीत पहारेकऱ्याला खरोखरच काहीतरी आवाज येतो आणि तो वर बघतो. खरं सांगायचं तर लेखकानेच तिथे शिंक घालायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही पान सतरावर पोचलो आणि पुढचे बारा दिवस तिथून हललो नाही.

"पान सतरा, चौकट चौथी," मी वाचलं. "किल्ल्याच्या दारात साखळीने बांधलेला भयंकर लांडगा." आदल्या दिवशी मोहिनीने माझ्या वर्णनाला 'पंचनामा' म्हटलं होतं, म्हणून त्या दिवशी मी जीव ओतला. "पुढचे पाय उंच आहेत. मागचे आखूड आहेत, पाठ मागे उतरती आहे. मानेपासून केस ताठ उभे आहेत. अंगावर काळे पट्टे आहेत."

खालून फुलवंताबाईचा आवाज आला. तिला कर्ण्याची गरज नव्हती.

"मास्तर, तो लांडगा नही. तरस शे तो."

"बाई, इथे फुग्यात स्पष्ट लिहिलं आहे: 'सावध, लांडगा!'"

"कोनी लिखं?"

"लेखकानं."

"तेनी तरस देखेल शे का?"

आता लेखकाने तरस पाहिलं होतं की नाही, हे मला कसं ठाऊक असणार? मी नाइलाजाने माइकवरून म्हणालो, "पुस्तकात छापलेलं आहे, त्याअर्थी तो लांडगाच आहे." 'आहे-हे-हे.' मी इतकी वर्षं ज्यासाठी भांडलो ते सगळं या एका वाक्यात मी विकलं, हे मला तेव्हा कळलं नाही. फुलवंताबाईला कळलं.

"तुमीच बोलनात ना काल, चित्र राजा शे म्हनीसन?"

बावीस बायका हसल्या. तेही माइकने उचललं.

संध्याकाळपर्यंत गावात दोन पक्ष पडले. अक्षरओळख असलेले बहुतेक लांडग्याकडे, आणि गुरं वळणारे, डोंगर पाहिलेले तरसाकडे. उमाकांतअप्पांनी कानातला कापूस काढला आणि लांडगा पक्षाचं पुढारीपण घेतलं. "छापेल शे ना? मंग लांडगाच. छापेल कसाले खोटं ऱ्हाई?" हे त्यांनी सातबारा लिहिण्यात आयुष्य घालवून म्हणावं, याचं मला नवल वाटलं. हेमराजचं मत विचारलं तर तो म्हणाला, "मी भाडाना मानूस, गुरुजी. जेना माइक, तेना लांडगा."

पण चित्र पाहिल्याशिवाय भांडण पुढे जाईना, आणि चित्र एकच, ते वाचनालयात. लोक जिना चढू लागले. मी दारात नोंदवही घेऊन बसलो. नाव, गाव, पुस्तकाचं नाव, घेतल्याची वेळ, दिल्याची वेळ, सही किंवा अंगठा. लोक पुस्तक घ्यायचे, सरळ पान सतरा काढायचे, लांडगा किंवा तरस म्हणायचे आणि परत द्यायचे. सरासरी वाचन दोन मिनिटं. बाहेर रांग. रांगेतही भांडण. ब्राह्मणपुरीचे एक पाहुणे लग्नाची पत्रिका द्यायला आले होते, ते पत्रिका खिशात ठेवून तरस पाहून परत गेले.

पुढे वाचू का, असं मी रोज सकाळी माइकवर विचारायचो. खालून रोज तेच उत्तर यायचं, "पहिले हाई ठरू द्या."

फुलवंताबाई मात्र वर येत नव्हती. शेवटी एका दुपारी ती चार बायकांना घेऊन जिना चढली. तिने नोंदवहीत अंगठा दिला, पुस्तक हातात घेतलं आणि त्या जनावराच्या पाठीवरून बोट फिरवलं, खरोखरचं जनावर असावं तसं. "आमना पाड्यावर कोंबड्या लई गया येनी. मी देखेल शे. लांडगानी पाठ अशी पडत नही." मग पुस्तक बाकी चौघींच्या हातांतून फिरवून मला परत देत म्हणाली, "चांगलं काढेल शे. काढनाऱ्याले समजस. लिखनाऱ्याले नही."

ग्रंथपालाने वाचकाशी वाद घालू नये, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पाचच मिनिटांनी उमाकांतअप्पांनी पुस्तक घेतलं, नेहमीप्रमाणे बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. एकदा. दुसऱ्यांदा बोट जिभेला लागलं तेव्हा अप्पांचा चेहरा तटावरून 'आऽऽऽ' करत पडणाऱ्या त्या पहारेकऱ्यासारखा झाला. देठ खुडणाऱ्या पाच जणींची मिरची पान सतरावर उतरली होती. अप्पा आता बोट न चाटता पानं उलटतात. छत्तीस वर्षं पोरांना रागवून मला जे साधलं नाही, ते फुलवंताबाईने एका भेटीत साधलं.

घरी जेवताना मोहिनी म्हणाली, "अहो, तरस आहे ते."

"तू चित्र पाहिलंस?"

"कशाला? तुम्ही वर्णन केलंत ना. आयुष्यात पहिल्यांदाच नीट केलंत."

तपासणीच्या सकाळी जिल्ह्याहून गायत्री मॅडम आल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या, हातात छापील तक्ता. सुगनचंदशेठ ठराव क्रमांक सात घडी करून बसले होते. मॅडमनी नोंदवही उघडली आणि बराच वेळ पानं उलटली.

"आधीच्या वर्षभरात एकच वाचक. आणि गेल्या बारा दिवसांत एकशे अठ्ठेचाळीस?"

"हो," मी अभिमानाने म्हणालो.

"सगळ्यांनी एकच पुस्तक घेतलं?"

"हो."

"दोन दोन मिनिटं?"

आता 'हो' म्हणताना माझा अभिमान थोडा खाली आला.

"सगळ्या नोंदी तुमच्याच अक्षरात. सह्या-अंगठे काय, कुणाकडूनही घेता येतात. त्याही तपासणीच्या तोंडावर." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "गुरुजी, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय समजला असतात?"

मी त्यांच्या जागी असतो तर मला कपाटासकट रद्दीत दिलं असतं. खोट्या नोंदीचा शेरा म्हणजे कॉमिक्स तर जाणारच, वर छत्तीस वर्षांची इभ्रतही त्याच पोत्यात. मी 'काळा किल्ला' त्यांच्यापुढे ठेवलं. ते आपोआप पान सतरावर उघडलं. बाकीचं पुस्तक स्वच्छ होतं आणि तेवढं पान एकशे अठ्ठेचाळीस माणसांच्या बोटांनी मळलेलं, कडेला मिरचीचे लाल ठसे. मॅडमनी ते जवळ धरलं आणि त्यांना सणसणीत शिंक आली. एकामागून एक तीन आल्या.

"हा काय प्रकार आहे?" त्यांनी रुमालातून विचारलं.

मी सांगितलं. म्हणजे मी सुरुवात केली आणि उमाकांतअप्पा, हेमराज, जिन्यावरचे सात-आठ जण आणि खिडकीखालून फुलवंताबाई, अशा सगळ्यांनी मिळून सांगितलं. मॅडमनी चित्र पाहिलं, फुगा वाचला, पुन्हा चित्र पाहिलं. मग तक्त्यातल्या एका रिकाम्या ओळीवर पेन टेकवून म्हणाल्या, "ग्रंथपाल म्हणून तुमचं मत काय? मला ते नोंदवावं लागेल."

खाली देठ खुडणं थांबलं. अप्पा माझ्याकडे आशेने बघत होते. लांडगा म्हणावं, तर चित्र म्हणजे शब्दाच्या कडेची नक्षी ठरते. मग कपाटाला अर्थ नाही, मॅडमनी ते आत्ता न्यावं. तरस म्हणावं, तर सबंध गावाला कर्ण्यावरून मी जे सांगितलं ते खोटं. शिवाय ज्या बाईला मी 'फुग्यात स्पष्ट लिहिलं आहे' म्हणालो, तिने न वाचता ते बरोबर ओळखलेलं. हे पुस्तक मी आजवर अकरा वेळा वाचलं होतं. अकराही वेळा फुगे वाचले होते.

"तरस," मी म्हणालो.

मी अगदी हळू म्हणालो होतो. पण हेमराजने माइक बंद केला नव्हता. 'तरस-रस-रस' करत ते गावभर गेलं, आणि मग आवारातून जो गलका उठला तो लग्नाच्या आवाजातलाच होता. अप्पांनी खिशातून कापूस काढला आणि शांतपणे कानात घातला.

मॅडमनी शेरा लिहिला. त्याची प्रत कपाटाच्या दारावर लावली आहे: 'कॉमिक्स विभाग वापरात असल्याचे प्रत्यक्ष पाहिले. विभाग चालू ठेवावा. पृष्ठ १७ वरील प्राणी तरस असल्याचे ग्रंथपालांनी मान्य केले.' रनाळ्यात मी कुठेही गेलो तरी लोक मला यातलं तिसरं वाक्यच म्हणून दाखवतात.

शेठनी ठरावाची आणखी एक घडी केली आणि तो खिशात घातला. "अभ्यासिका खाले गोदाममा करूत," ते म्हणाले. "पोऱ्यासले झोप तरी येवाव नही."

सगळे पांगले. मी पुस्तक कपाटात ठेवणार तोच फुलवंताबाई वर आली. होळीला डोंगरावर परत जायचं, त्याआधी गोष्ट संपवा, असं तिचं म्हणणं होतं. मी पान अठरा काढलं. ती शेजारी खाली बसली आणि हात लुगड्याला पुसून पानं स्वतः उलटू लागली. पान तेवीसवर कॅप्टन घोरपड साधूची कफनी फेकून देतो आणि पहिल्यांदाच त्याच्या छातीवरचं मोठं चिन्ह दिसतं. फुलवंताबाई थांबली. पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"मास्तर," ती म्हणाली, "हाई घोरपड नही. सरडा शे."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. हेमराज शिडीवर चढून कर्ण्याच्या तारा सोडत होता.

"हेमराज," मी म्हणालो, "राहू दे तो. अजून दहा-बारा दिवस."